वयस्क घोडा आणि एन्ड्युरन्स: नव्या स्वारासाठी पायरीपायरीने

सोळा-सतरा वर्षांचा घोडा एन्ड्युरन्सच्या, म्हणजे घोड्यावरून करायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या, सुरुवातीच्या रेषेवर दिसला की नवखी मंडळी दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतात. "बिचाऱ्याला आता तरी सोडा," हे एक. "अहो, पोरासारखा नाचतोय, याला काय धाड भरलीय," हे दुसरं. पहिल्या वाक्याने फारसं कुणाचं नुकसान होत नाही, दुसऱ्याने होतं. लांब पल्ल्यात मुरलेला घोडा तळावर ट्रेलरमधून उतरताच चेकाळतो. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक असतं आणि त्याला जायचं असतं. त्याच्या सांध्यांना, दातांना, हृदयाला त्या हौसेशी काही देणंघेणं नसतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट धरून ठेवा: घोड्याची हौस हा त्याच्या तब्येतीचा पुरावा नाही. श्रमानंतर तो किती लवकर सावरतो, हा पुरावा.

आधी खेळ थोडक्यात

आखलेल्या वाटेवरून एका दिवसात ४०, ८० किंवा १६० किलोमीटर जायचं. ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोडा तपासतात. हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळात ठरलेल्या आकड्याखाली (बहुतेक ठिकाणी मिनिटाला ६४ किंवा ६०) आले, दुडकी चाल सरळ पडली, आतड्यांचे आवाज येत असले, अंगातलं पाणी पुरेसं असलं, तर सक्तीची विश्रांती घेऊन पुढे निघायचं. नाहीतर घोडा तिथेच बाहेर. शेवटची रेषा ओलांडल्यावरही तपासणी असते, आणि तीत नापास झालं तर पहिला आलेला घोडाही निकालात राहत नाही.

अमेरिकेतली अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, म्हणजे एईआरसी, १९७२ पासून या स्पर्धांचे नियम सांभाळते. 'पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं' हे तिचं ब्रीद. तिच्याकडे ५० मैलांसाठी, म्हणजे ८० किलोमीटरसाठी, विश्रांती धरून १२ तास मिळतात आणि १०० मैलांसाठी २४ तास. २५ ते ३५ मैलांचा वेगळा 'लिमिटेड डिस्टन्स' गट आहे. त्यासाठी घोडा किमान ४८ महिन्यांचा लागतो, ५० मैल आणि पुढच्या अंतरांसाठी ६० महिन्यांचा. आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय १६० किलोमीटरसाठी ८ वर्षं पूर्ण असलेला घोडाच घेते. खालची मर्यादा सगळीकडे कडक आहे. वरची मर्यादा एईआरसीने ठेवलेलीच नाही, त्यामुळे कधी थांबायचं हे नियमाचं पुस्तक तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्यावर आहे.

टिकाऊपणाला या खेळात मान आहे. एकाच स्वाराने एकाच घोड्यावर दहा वेगवेगळ्या वर्षांत, दर वर्षी किमान एकदा, ५० मैल किंवा जास्त अंतर पूर्ण केलं तर एईआरसी त्या जोडीला 'डिकेड टीम' म्हणते. माझ्या मते या खेळातला सगळ्यात कठीण सन्मान हाच. एक दिवस जोरात पळवणं पुष्कळांना जमतं.

शेजारच्या खेळातलं, कॉम्पिटिटिव्ह ट्रेलमधलं, एल्मर बॅन्डिटचं नाव तुम्ही ऐकाल. हा अर्धा अरबी घोडा २००८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, स्पर्धेत उतरत होता. त्याच्या नावावर २०,००० मैलांहून जास्त अंतर जमा आहे. मात्र त्या खेळात चालीचा वेग ठरवून दिलेला असतो आणि गुण घोड्याच्या स्थितीला मिळतात, आधी कोण पोचलं याला नाही. एल्मर कौतुकासाठी ठीक आहे. आपल्या घोड्याचं वेळापत्रक त्याच्यावर बेतू नका.

पायरी १: तुमचा घोडा कोणत्या प्रकारचा वयस्क आहे

एक प्रकार म्हणजे अनेक वर्षं लांब पल्ला केलेला आणि मधे फारसा न थांबलेला घोडा. हृदय आणि स्नायू काही महिन्यांत तयार होतात. कंडरा, अस्थिबंध, हाडं आणि खूर यांना वर्षं लागतात, आणि ती वर्षं या घोड्याने भरलेली असतात. त्याला 'तयार' करायचं नसतं, आहे ते राखायचं असतं. नव्या स्वाराला असा घोडा मिळाला तर नशीबच. वेग कसा राखावा, पाणी कुठे प्यावं, तपासणीच्या रांगेत डोकं खाली घालून शांत कसं उभं राहावं, हे तोच तुम्हाला शिकवतो.

दुसरा प्रकार: वय पंधरा-सोळा, तब्येत उत्तम, पण लांब पल्ला कधीच नाही. आजवर रिंगणात किंवा छोट्या फेऱ्यांवर राहिलेला. हा घोडाही चालतो, पण पहिलं वर्षभर ४० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. तीन-चार महिन्यांत त्याचं हृदय सुधारतं, ठोके झटपट खाली येतात आणि स्वाराला वाटतं की झालं काम. पाय तेव्हा अजून मागेच असतात. बहुतेक लंगडेपण या अंतरातून येतं.

तिसरा प्रकार फसवा. पूर्वीचा नावाजलेला घोडा, मधली तीन-चार वर्षं कुरणात मोकळा, आणि आता पुन्हा आणलेला. याचं डोकं पहिल्या प्रकारचं आणि शरीर दुसऱ्या प्रकारचं. नवख्या स्वाराने याच्यापासून सुरुवात करू नये असंच मी म्हणेन. करायचीच असेल तर त्याला कोरा घोडा समजून सुरुवात करा आणि त्याच्या जुन्या पदकांची गोष्ट घरीच ठेवा.

पायरी २: हंगामाआधी पूर्ण तपासणी

ही तपासणी पहिली स्पर्धा झाल्यावर करणं म्हणजे वरातीमागून घोडं. हंगामाच्या दोन-तीन महिने आधी करा, म्हणजे काही सापडलं तर वेळ हाताशी राहतो.

पाय आणि सांधे. वयस्क घोड्यात मागच्या पायाच्या हॉकचा (म्हणजे मधल्या मोठ्या सांध्याचा), घोट्याचा आणि खुरातल्या सांध्याचा संधिवात सर्रास सापडतो. थोडा ताठरपणा म्हणजे खेळ संपला असं नाही. लंगडेपणाची ० ते ५ अशी मोजपट्टी पशुवैद्य वापरतात. तीत ३ म्हणजे दुडकीत कायम आणि स्पष्ट दिसणारं लंगडेपण, आणि एईआरसीच्या स्पर्धेत तिथे दार बंद होतं. तुमचा घोडा आरामात असताना या पट्टीवर कुठे आहे ते लिहून घ्या. सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे पायाच्या नळीमागचा आधाराचा अस्थिबंध, हाताने दाबून आणि शंका वाटली तर सोनोग्राफीने बघून घ्या. खुरांचा एक्स-रे काढला तर तळव्याची जाडी आणि आतल्या हाडाचा कोन कळतो, आणि नालबंदाला अंदाजाने काम करावं लागत नाही.

सांध्यात इंजेक्शन द्यायचं की नाही हा वादाचा मुद्दा. पशुवैद्याने कारण दाखवून, स्पर्धेच्या नियमांतले दिवस मोजून दिलं तर हरकत नाही. पण जो घोडा इंजेक्शनाशिवाय ८० किलोमीटर जाऊ शकत नाही, त्याने ४० जावं. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं अंगात असताना स्पर्धेत उतरणं नियमबाह्य आहे. नियम नसता तरी मूर्खपणाच झाला असता, कारण दुखणं हीच घोड्याची तक्रार करायची पद्धत आहे.

हृदय. वय वाढतं तसे झडपांचे आवाज, विशेषतः महाधमनीच्या झडपेतून रक्त थोडं मागे येण्याचा आवाज, बऱ्याच घोड्यांत ऐकू येतात. पुष्कळदा ते निरुपद्रवी असतात. पण निरुपद्रवी आहेत हे इकोकार्डिओग्राम बघून ठरवायचं असतं, घोडा मजेत आहे म्हणून नाही. ठोक्यांची अनियमितता सापडली तर हृदयाची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा. अशा घोड्यावर बसलेल्या माणसाच्याही जिवाचा हा प्रश्न आहे.

पीपीआयडी, म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा आजार, ज्याला लोक कुशिंग म्हणतात. पंधराच्या पुढे हा आजार डोक्यात ठेवायलाच हवा. उन्हाळा आला तरी हिवाळ्याचे केस न झडणं, पाठीवरचं मांस उतरणं, कारण नसताना घाम येणं किंवा यायला हवा तेव्हा न येणं, जखमा रेंगाळणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॅमिनायटिस, खुराच्या आतल्या थराची दुखरी सूज. केस लांब होण्याची वाट बघू नका, ते उशिरा होतं. रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक तपासून घ्या. शरद ऋतूत ही पातळी निरोगी घोड्यातही चढते, म्हणून अहवाल ऋतू लक्षात घेऊन वाचायचा असतो. सोबत इन्शुलिनही तपासा. उपचार पर्गोलाइडने होतो आणि घोडा छान सुधारतो, पण स्पर्धेच्या औषध-नियमांत हे औषध अडतं. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना आणि संघटनेला विचारा. स्पर्धेपुरतं औषध बंद ठेवणं हा मार्ग नाही. औषध हवं असेल आणि नियम नाही म्हणत असेल, तर औषध राहील, स्पर्धा जाईल.

दात. घोड्याचा दात वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर सरकत झिजत जातो, आणि हिरडीखालचा साठा कधीतरी संपतो. वयस्क घोड्याचे दात वर्षातून एकदा नव्हे, दोनदा बघा. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडत असतील, शेणात लांब काड्या दिसत असतील, तर गवत पोटात जातंय पण अंगी लागत नाहीये.

डोळे. नवखे लोक हे हमखास विसरतात. मोतीबिंदूची सुरुवात झालेला घोडा दिवसा ओळखीच्या वाटेवर बेधडक चालतो आणि तिन्हीसांजेला झाडांच्या सावल्यांत ठेचकाळतो. १०० मैलांच्या स्पर्धेत रात्र ठरलेलीच असते. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालत आलेल्या टेव्हिस कपची तारीख पौर्णिमेच्या आसपास धरण्याची जुनी पद्धत आहे, ती काही शोभेसाठी नाही. डोळे पक्के नसतील तर रात्रीचं अंतर सोडून द्या.

खोगीर. पाठीचं मांस उतरतं, कणा थोडा खाली झुकतो, आणि पाच वर्षांपूर्वी चपखल बसणारं खोगीर आता दोन टोकांवर टेकून मधे पोकळ राहतं. लांब फेरीनंतर खोगिराखालचे घामाचे ठसे बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच हातभर कोरडं असेल, तर तिथे एकतर जास्त दाब आहे किंवा खोगीर टेकतच नाहीये. दर सहा महिन्यांनी पुन्हा मापून घ्या.

पायरी ३: वही

कंटाळवाणी वाटेल, पण या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, ही साधारण चौकट. तुमच्या घोड्याचे स्वतःचे आकडे काय आहेत ते आठवडाभर रोज सकाळी, तो उठून हालचाल करायच्या आत, मोजून काढा. पुढे कधी निवांत ठोके नेहमीपेक्षा सहा-आठने वर दिसले तर त्या दिवशी खोगीर चढवू नका. कुठेतरी दुखतंय किंवा काहीतरी शिजतंय.

दुसरी नोंद सावरण्याची. एक ठरावीक चढ निवडा. आठवड्यातून एकदा तो त्याच वेगाने चढा, वर पोचताच ठोके मोजा, मग पाच मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी. हवा कशी होती तेही लिहा. तरुण घोड्याचा हा आलेख हंगामभर सुधारत जातो. वयस्क घोड्याचा बहुधा सपाट राहतो आणि ते उत्तम आहे. तो तीन आठवडे सलग वर सरकला, तर घोडा कितीही नाचत असो, काम कमी करा.

हृदयगती-मापक वापरत असाल तर एक हिशोब ध्यानात घ्या. वयाबरोबर हृदयाचा सर्वोच्च वेग उतरतो. समजा तरुण घोड्याचा तो २२० आहे आणि तुमच्या घोड्याचा १९५. दोघे शेजारी शेजारी १५० ठोक्यांवर दुडकत असले तर तरुण घोडा आपल्या ताकदीच्या ६८ टक्क्यांवर आहे आणि तुमचा ७७ टक्क्यांवर. आकडा एकच, मेहनत वेगळी. मैत्रिणीच्या घोड्याचे आकडे आपल्या घोड्याला लावणं इथे महागात पडतं.

तिसरी नोंद पहिल्या दहा पावलांची. तबेल्यातून बाहेर येताना तो कसा चालतो? किती पावलांनी मोकळा होतो? चौथी, अंगावरच्या मांसाची. हेनेकी पद्धतीत १ ते ९ गुण असतात, ५ च्या आसपास राहा. एन्ड्युरन्सचा घोडा बरगड्या मोजता येतील इतका सडसडीत हवा ही समजूत जुनी आहे. टेव्हिसच्या घोड्यांवरच्या अभ्यासात फार बारीक घोडेच जास्त संख्येने बाहेर पडले. वयस्क घोड्याच्या अंगावर थोडी शिल्लक असलेली बरी, ती हंगामात लवकर खर्च होते.

पायरी ४: सराव

तरुण घोड्याला हिवाळ्यात तीन महिने सुट्टी दिली तरी तो महिनाभरात जागेवर येतो. वयस्क घोड्याचं तसं नाही. गेलेला स्नायू परत यायला त्याला फार वेळ लागतो, कधी तो पूर्ण येतच नाही. म्हणून त्याला लांब सुट्टी देऊ नका, हंगाम नसतानाही आठवड्यातून दोनदा हलकं काम ठेवा. आणि त्याला चोवीस तास कोंडू नका. मोकळ्या जागेत दिवसभर फिरणारा घोडा कमी आखडतो. त्याच्यासाठी हे निम्मं औषध आहे.

हंगामात आठवड्याला तीन दिवस स्वारी पुरते. एक लांब आणि सावकाश फेरी, एक चढ-उताराची, आणि एक अगदी हलकी, ज्यात जमिनीवर आडवे ठेवलेले खांब ओलांडणं, वळणं, मागे सरकणं असेल. या शेवटच्या दिवसाला लोक हसतात. पण पाठ आणि पोटाचे स्नायू त्यातूनच टिकतात, आणि पाठ टिकली तर खोगीर टिकतं.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं फक्त चालवा. तरुण घोड्यावर हे पाच मिनिटांत उरकता येतं, याच्यावर नाही. अंतर किंवा वेग, एका वेळी एकच वाढवा. कठीण दिवसानंतर दोन दिवस कमी काम. खालच्या उतारावर पुढच्या पायांच्या सांध्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, म्हणून लांब उतार आला की उतरा आणि सोबत चाला. चढावर काही जण घोड्याची शेपटी धरून त्याच्या मागून चालतात, त्याला टेलिंग म्हणतात. घोड्याला ते आधी शिकवावं लागतं. म्हणजे या खेळात तुमचाही सराव हवा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा, असं सर्वसाधारण सांगितलं जातं. वयस्क घोड्यासाठी आणखी खाली राहिलात तर तो तुम्हाला एखादा हंगाम जास्त देईल.

नालबंदी पाच-सहा आठवड्यांनी, न चुकता. वाढलेला खूर पाऊल लांबवतो आणि ते ओझं कंडरांवर पडतं.

पायरी ५: खाणंपिणं

पाया गवताचाच. दात कमी पडत असतील तर भिजवलेले गवताचे ठोकळे किंवा बीटचा भिजवलेला चोथा द्या. ऊर्जा धान्यापेक्षा तेलातून वाढवा, इन्शुलिनची शंका असेल तर फारच. प्रथिनं चांगल्या प्रतीची हवीत, कारण वयस्क शरीर त्यांतून स्नायू बांधण्यात कमी पडतं. नवीन काहीही स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करू नका.

पायरी ६: स्पर्धेचा दिवस, आणि त्याच्या आधीची रात्र

प्रवासात घोडा उभ्या उभ्या तोल सांभाळत असतो, त्याच्यासाठी ते कामच आहे. शक्यतो एक दिवस आधी पोचा. ट्रेलरला आखूड बांधून रात्र काढलेला वयस्क घोडा सकाळी लाकडासारखा ताठ निघतो. त्याला फिरता येईल असं कुंपण किंवा उंच दोरीवर सरकणारं बांधणं हवं. झोपायच्या आधी दहा मिनिटं आणि पहाटे पुन्हा दहा मिनिटं हातात धरून फिरवा.

आदल्या दिवशीच्या तपासणीत पशुवैद्याला स्वतःहून सांगा: वय अमुक, डाव्या हॉकमध्ये जुना ताठरपणा, पहिल्या चार पावलांत दिसतो. लपवाल तर दुपारी तोच ताठरपणा नवा समजला जाईल. सांगितलंत तर तो तुमच्या बाजूने लक्ष ठेवील.

सुरुवात दहा मिनिटं उशिरा करा. सगळा घोळका निघून गेला की हा शांत होतो, नाहीतर पहिल्या आठ किलोमीटरात दिवसभराची शक्ती उधळतो. वेळेची काळजी नको. ८० किलोमीटरला १२ तास, त्यातला दीड तास विश्रांतीत गेला तरी साडेदहा उरतात. म्हणजे तासाला साडेसात किलोमीटरच्या आसपास. घोड्याची दुडकी १२-१३ ची आणि चाल ६ ची धरली तर दोन्ही आलटून पालटून करून हे सहज बसतं. चढ खूप असेल तर आधी नकाशावर हिशोब करा.

उष्णतेचा धोका इथे जास्त. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या चाचण्यांत वृद्ध घोड्यांच्या शरीराचं तापमान श्रमात ४० अंशांवर पोचायला तरुण घोड्यांच्या जवळपास निम्माच वेळ लागला. तेव्हा वाटेत पाणी दिसलं की त्याला आधी पिऊ द्या, मग स्पंजने मान, छाती आणि पायांच्या आतली बाजू भिजवा. ऊन असेल तर तपासणीच्या जागी पाणी ओतत राहा. गार वारा असेल तर मागच्या मोठ्या स्नायूंवर पाणी टाळा, वर चादर टाका, नाहीतर गोळे येतात. घोड्याच्या घामातून सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम भरपूर जातं, म्हणून इलेक्ट्रोलाइट्स द्यायचे. पण न पिणाऱ्या घोड्याला ते देऊ नका, पोटातलं मीठ उलट अंगातलंच पाणी ओढतं.

पाण्याच्या कमतरतेसाठी मानेची किंवा खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडतात. वयस्क घोड्यात ही खूण तितकी भरवशाची नाही, कातडीची लवचिकता मुळातच कमी झालेली असते. हिरडी किती ओली आहे, ती दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का आणि आतड्यांचे आवाज येतात का, हे जास्त बघा.

तपासणीत तुम्हाला एक चाचणी भेटेल. ठोके मोजतात, घोडा १२५ फूट जाऊन १२५ फूट परत दुडकतो, आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा ठोके मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर छान. ८ किंवा जास्तने वर गेला तर घोडा थकलाय किंवा कुठेतरी दुखतंय, भले पहिला आकडा सुरेख ६० असो. तरुण घोड्यावर एखाद्या वेळी तुम्ही म्हणाल, थोडं थांबून बघू. याच्यावर तिथेच थांबा.

विश्रांती ४० मिनिटांची असली तरी कमजोर दातांचा घोडा तेवढ्यात गवत पुरेसं चावू शकत नाही. मदतनिसाला सांगून भिजवलेला खुराक तयार ठेवा, ठोके उतरताच तो पुढ्यात यावा. गवत नंतर. आणि बसण्याआधी दोन मिनिटं चालवा, उभा राहून तो आखडलेला असतो.

स्वतःहून माघार घेता येते. तपासणीत पास झालेला घोडाही स्वार काढून घेऊ शकतो, त्यासाठी कुणाला कारण पटवून द्यावं लागत नाही. वयस्क घोड्यावर हा हक्क वापरायला शिका. तो खायला तोंड लावत नाही, कान मागे-पुढे हलवत नाही, तळाकडची वाट असूनही ओढ घेत नाही, तर पशुवैद्याच्या तपासणी-कार्डावर सगळीकडे 'ए', म्हणजे उत्तम, असे शेरे असले तरी मी उतरेन.

पायरी ७: नंतरचे दिवस

त्या रात्री दर दोन-तीन तासांनी थोडं फिरवा. दुसऱ्या दिवशी घरी निघण्याआधी दुडकी बघा, पायांवरून हात फिरवून गरम जागा शोधा. जुनी मोजणी अशी की दर १० मैलांमागे एक दिवस विश्रांती. वयस्क घोड्याला त्याच्या दुप्पट द्या, पण कोंडून नाही, मोकळ्यावर. विश्रांती म्हणजे स्वारी नाही, हालचाल बंद नव्हे. वजन आठवडाभरात परत आलं का ते बघा. तीन आठवड्यांनीही आलं नसेल तर पुढच्या स्पर्धेतून नाव काढा, आणि दात व रक्त पुन्हा तपासा.

उतरणीचा जिना

खाली उतरायचं ते एकदम नाही. १६० झेपेनासे झाले की ८०, मग ४०, मग नवख्यांसाठीच्या छोट्या फेऱ्या. वर्षाला पाच स्पर्धांऐवजी दोन. कधी उतरायचं याची माझी खूण अशी: एकाच हंगामात दोनदा एकाच पायामुळे बाहेर पडला, किंवा वहीतला सावरण्याचा आलेख विश्रांती देऊनही खाली आला नाही, तर त्या अंतराचे दिवस संपले. "एक शेवटची मोठी" करायचा मोह इथे होतो. ती शेवटची मोठी आधीच होऊन गेलेली असते.

छोट्या अंतरावर असा घोडा फार कामाचा ठरतो. त्याच्यामागे बिचकणारा तरुण घोडा ओढा ओलांडतो, त्याच्यावर बसलेलं मूल तपासणीची रांग शिकतं. त्याला तळावर यायला मिळतं आणि घोळक्यात निघायला मिळतं. किती किलोमीटर झाले हे तो मोजत नाही.

स्पर्धा पूर्ण थांबली तरी काम एका दिवसात थांबवू नका, दोन-तीन महिन्यांत उतरवत न्या आणि खुराक त्याच प्रमाणात कमी करा, नाहीतर चरबी चढून इन्शुलिन आणि लॅमिनायटिसचा धोका वाढतो. आठवड्यातून दोन-तीनदा चालवणं चालू ठेवा. दात सहा महिन्यांनी, खूर पाच-सहा आठवड्यांनी, एसीटीएच वर्षातून एकदा. पायांवरून हात मात्र रोज फिरवायचा.